वैतरणी

पुराणांनुसार यमलोकाच्या वाटेवर आडवी असलेली नदी. ती ओलांडल्याशिवाय मेलेल्या जिवाला यमाच्या नगरीकडे जाता येत नाही. गरुडपुराणात तिचा विस्तार शंभर योजने सांगितला आहे. तिच्यात पाण्याच्या जागी रक्त आणि पू, तळाशी मांसाचा चिखल, काठाला हाडांच्या राशी. पापी माणूस समोर दिसला की ती कढईतल्या तुपासारखी उकळू लागते.

नावाच्या मुळाशी ‘तॄ’ म्हणजे तरणे हा धातू आहे. गरुडपुराण मात्र ते ‘वितरण’ म्हणजे दान या शब्दाशी जोडते. दानामुळे जी तरून जाता येते ती वैतरणी. वैतरणी पार व्हावी म्हणून करायच्या गोदानाच्या विधीचा सारा भार या दुसऱ्या अर्थावर आहे. दानासाठी काळी किंवा तांबूस गाय घ्यावी. तिच्या शिंगांना सोने, खुरांना रुपे, अंगावर काळी वस्त्रे, शेजारी काशाचे भांडे आणि सप्तधान्य. कापसाच्या राशीवर तांब्याचे पात्र ठेवून त्यात यमाची सोन्याची मूर्ती मांडावी, मूर्तीजवळ लोखंडी दंड असावा. मग उसाच्या कांड्या रेशमी पट्ट्यांनी बांधून तराफा करायचा. देणाऱ्याने एका हाती गाईचे शेपूट धरायचे, पाय तराफ्याला टेकवायचा आणि संकल्प सोडायचा. पुढे करायचा प्रवास अंगणातच एकदा करून पाहावा, तसा हा प्रकार आहे. एवढा थाट क्वचितच कोणाला झेपतो. त्यामुळे गाईऐवजी तिचे मोल, म्हणजे गोनिष्क्रय देण्याची रीत पडली. गरिबाची वाट अडू नये म्हणून शास्त्राने काढलेली ही पळवाट मोलाची आहे.

पोथीतली ही नदी गावात कशी ऐकली जाते, ते एका ठिकाणाहून पाहू. चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी) हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव. या पट्ट्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. राख सावडल्यावर अस्थी ‘गंगेला’ नेतात, तेव्हा काशीचा प्रवास अभिप्रेत नसतो. संत जनाबाईंचे गंगाखेड याच नदीवर, वरच्या अंगाला आहे. घरात दहा-तेरा दिवस गरुडपुराण लावले की वैतरणीचे वर्णन ऐकू येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात रोजच्या ओळखीचा नदीकाठ असतो. ती भीषण नदी पोथीत राहते. अस्थी सोडायची ती नदी आपली असते.

ग्रीक पुराणकथांत अधोलोकाच्या नद्या पाच: स्टिक्स, अ‍ॅकेरॉन, कोकायटस, आगीची फ्लेगेथॉन आणि विस्मरणाची लीथी. स्टिक्सची शपथ देवांनाही मोडता येत नसे. कॅरन हा नावाडी मृतांना पलीकडे नेई. त्याच्या मजुरीसाठी मृताच्या तोंडात नाणे ठेवत. होमरच्या काव्यांत मात्र कॅरनचा उल्लेख नाही. वैतरणीशी तुलना करताना नाण्यापाशी थांबावेसे वाटते. ते नाणे मागे राहिलेले लोक ठेवतात. वैतरणीची गाय मात्र शक्यतो माणसाने स्वतः, हात चालत असताना द्यावी, असा आग्रह आहे. विधीत नावाडी नाही, शेपूट आहे.

दोन्हीकडे ही नावे जमिनीवरच्या नद्यांनाही आहेत. अ‍ॅकेरॉन ग्रीसच्या एपिरस भागात वाहते. महाभारताच्या वनपर्वात पांडव लोमश ऋषींबरोबर कलिंगातील वैतरणीवर येतात. तीच ओडिशातील आजची बैतरणी. महाराष्ट्रात वैतरणा आहे. ती त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत उगम पावून पश्चिमेला जाते आणि अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरचा मोडकसागर 1957 पासून, तर मध्य वैतरणा धरण 2014 पासून मुंबईची तहान भागवते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरात गोदावरीही उगम पावते. ती पूर्वेला वळते आणि मराठवाड्यातून वाहत पूर्णा तालुक्यात येते.