जयपूरचे सम्राट यंत्र

जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील बृहत् सम्राट यंत्र हे जगातले सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ मानले जाते. सुमारे 27 मीटर उंच त्रिकोणी भिंत, तिच्या तिरप्या कडेलगत चढत गेलेल्या पायऱ्या, माथ्यावर छत्री आणि भिंतीच्या पूर्वेला व पश्चिमेला एकेक वर्तुळखंड, एवढीच त्याची रचना.

ही वेधशाळा उभारणाऱ्या राजा सवाई जयसिंगाने आधी वेधांसाठी पितळी यंत्रे करवून घेतली होती. ती लहान असल्याने त्यांवर अंशांचे बारीक भाग पाडता येत नसत. शिवाय आस झिजून केंद्र ढळे. म्हणून त्याने चुना-दगडाची प्रचंड यंत्रे बांधायला घेतली, आधी दिल्लीत आणि मग जयपुरात; जयपूरची यंत्रे 1734 च्या सुमारास पूर्ण झाली.

भिंतीची तिरपी कड क्षितिजाशी सुमारे 27 अंशांचा कोन करते. जयपूरचे अक्षांशही तेवढेच. त्यामुळे ही कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहून ध्रुवाकडे रोखलेली असते. दोन्ही वर्तुळखंड विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर आहेत, आणि यंत्राचे खरे मर्म इथेच आहे. आडव्या सूर्यघड्याळात तासांच्या रेषा कमी-जास्त अंतरावर आखाव्या लागतात; इथे सावली प्रत्येक तासाला नेमकी 15 अंश सरकते, त्यामुळे सगळे भाग सारखे. सकाळी ती पश्चिमेच्या खंडावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. खंडाची त्रिज्या सुमारे 15 मीटर असल्याने सावली तासाला जवळजवळ 4 मीटर चालते, सेकंदाला मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यामुळेच 2 सेकंदांपर्यंतचे भाग आखता आले.

आखता आले, पण नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. सूर्य हा बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. एवढ्या अंतरावर सावलीची कड किमान 13-14 सेंटिमीटर धूसर होते, म्हणजे सुमारे दोन मिनिटांची. यंत्र आणखी मोठे केले, तर धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. आकाराने भागांची आखणी सुधारते, सावली नव्हे. त्यावर उपाय म्हणजे खंडाजवळ कडेला समांतर ताणलेला दोरा धरून, त्याची सावली धूसर पट्ट्यात कुठे विरते ते पाहणे. असे केल्यास चूक काही सेकंदांवर येते.

यंत्र दाखवते ती जयपूरची स्थानिक सौर वेळ. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे सरासरी 27 मिनिटे असते. शिवाय सूर्याच्या असमान गतीमुळे ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटांचा फरक धरावा लागतो.