निरोपाच्या मैफलीचा पाठ

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद आपल्या अंगवळणी पडला आहे. ध्वनिमुद्रण मात्र आपण बिनतक्रार अस्सल पत्रांच्या रांगेत बसवितो. यंत्राला पक्षपात ठाऊक नाही, अशी आपली समजूत! ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी आम्ही एक दूरदेशीचे उदाहरण घेत आहो. नाट्यसंगीतावर वाढलेल्या माणसाने रॉक संगीताच्या वाटेस जावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला साधनाची जात पाहून चालत नाही.

२५ नोव्हेंबर १९७६ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड या सभागृहात ‘द बँड’ नावाच्या पाच वादक-गायकांच्या मेळ्याने आपली निरोपाची मैफल केली. पाचांपैकी चौघे कॅनडाचे, एकटे लेव्हन हेल्म अमेरिकेचे. सुमारे पाच हजार श्रोत्यांना आधी सणाचे जेवण वाढण्यात आले आणि मग बॉब डिलन, जोनी मिचेल, मडी वॉटर्स अशी नामांकित मंडळी एकेक करून रंगमंचावर आली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर केलेला चित्रपट आणि तीन तबकड्यांचा संच १९७८ साली ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या नावाने बाहेर पडला.

हा संच म्हणजे त्या रात्रीची नक्कल असे ऐकणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मैफलीनंतर ध्वनिमुद्रणगृहात बसून पुष्कळ जागा पुन्हा गाऊन-वाजवून भरून काढण्यात आल्या. आपल्या पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर हे प्रक्षेप होत. तिसऱ्या तबकडीची अखेरची बाजू तर सभागृहात झालेल्या गाण्याची नव्हेच. ती निराळी बसवून मुद्रित केली होती. कित्येक गाणी गाळली गेली. हे सारे ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते रॉबी रॉबर्टसन मेळ्यातील गिटारवादक आणि चित्रपटाचे निर्मातेही होते. म्हणजे बखरकार स्वतःच पक्षकार! हेल्म यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात याबद्दलचा आपला राग मुळीच लपविलेला नाही. इतकेच काय, ज्याला निरोप म्हटले तो निरोपही अखेरचा ठरला नाही. १९८३ साली हा मेळा रॉबर्टसन यांना वगळून पुन्हा उभा राहिला. (आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांचे ‘शेवटचे प्रयोग’ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना यात विशेष वाटणार नाही.)

२००२ साली या संचाची चार तबकड्यांची विस्तारित आवृत्ती निघाली. गाळलेले पुष्कळसे परत आले. तालमींतील तुकडेही आले. मडी वॉटर्स यांचे त्या रात्रीचे दुसरे गाणे पहिल्या संचात नव्हते, ते येथे ऐकावयास मिळाले. तोवर त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. तरीही मैफल संपूर्ण आली नाही. शिवाय नव्या आवृत्तीचे संपादकही रॉबर्टसनच. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अनेक प्रदेशांच्या पोथ्या ताडून प्रक्षेप वेगळे काढले. येथे उलट, भर घातली गेली आणि जुने प्रक्षेप बहुधा जागच्या जागी राहिले. विस्तार म्हणजे शुद्धी नव्हे, एवढे पदव्युत्तर वर्गातसुद्धा सांगावे लागते. पाचांपैकी शेवटचे गार्थ हडसन २०२५ साली वारले. आता त्या फितींचा साक्षीदार म्हणून उलटतपासणी घ्यावी असा मेळ्यातील कोणी उरलेला नाही.

आता आपल्याकडील एका रात्रीकडे वळू. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. म्हणजे निरोपाचा उच्चार न करता तोही एक निरोपच ठरला. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही, आणि होणेही शक्य नव्हते. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून तीन-चार मिनिटांत पद आटोपावे लागे. रंगलेला अंक त्या कर्ण्यात कसा मावावा? आम्ही राहतो त्या नामपल्लीत जानेवारी लागला की नुमाइशीच्या मैदानावरून रात्री उशिरापर्यंत गाणे ऐकू येते आणि सकाळी ते कोणाच्या ध्यानीही नसते. १९२१ चे गाणे मात्र कसल्याही यंत्राखेरीज शंभर वर्षे टिकले आहे. ते टिकले आठवणींवर, आणि आठवणी सांगणाऱ्यांत केशवरावांचे भक्त होते तसे बालगंधर्वांचेही. त्या रात्री सरस कोण ठरले, याची उत्तरे म्हणूनच दोन आहेत. गाळलेले पद परत आणणारी चौथी तबकडी येथे निघणार नाही. ‘मानापमान’ शिकविताना विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही दोन्ही उत्तरे सांगतो आणि ती कोणाची, हेही सांगतो.