काला आंब : खांबावर न मावलेलं पानिपत

उसने पैसे मागायला कोणी आलं आणि ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणालं, की माझी आजी म्हणायची, ‘विश्वास तर पानिपतात गेला!’ ही कोटी आपल्या घराघरांत आहे. पण आजीनं पानिपत पाहिलं नव्हतं. मीही फार उशिरा पाहिलं. आज त्याबद्दल बोलू.

दिल्लीहून उत्तरेला साधारण 90 किलोमीटरवर पानिपत शहर आहे. तिथून सुमारे 8 किलोमीटरवर काला आंब. कुंपणाच्या आत विटांचा एक खांब, त्यावर लोखंडी दांडा. भोवती बाग. मी गेलो तेव्हा मुलं पळापळी खेळत होती आणि एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं.

हा खांब एका झाडाची जागा दाखवतो. इथं आंब्याचं झाड होतं, इथूनच सदाशिवरावभाऊ लढाई पाहत होते आणि जमिनीत इतकं रक्त मुरलं की झाड काळं पडलं, असं सांगतात. झाड केव्हाच गेलं. त्याच्या लाकडाची म्हणून दारं पानिपतच्या संग्रहालयात दाखवतात.

आता रक्तानं झाड काळं होत नाही, हे तुम्हाला-मला कळतं. गर्द पानांच्या जुन्या आंब्याला लोक ‘काळा आंबा’ म्हणत असतील, असं मला वाटतं. तरी ही दंतकथा मी हसण्यावारी नेत नाही. एवढा संहार सांगायचा कसा, हा प्रश्न तिथल्या माणसांनाही पडला असणार. त्यांनी तो झाडाकडून वदवून घेतला.

माझी तक्रार वेगळी आहे. खांब एका ठिकाणी उभा असतो, लढाई तशी नसते. 14 जानेवारी 1761 च्या आधी अडीच महिने मराठे पानिपतात खंदक खणून बसले होते. अब्दालीनं दिल्लीकडची वाट अडवली होती. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. त्या दिवशी मराठे बाहेर पडले ते भुकेल्या पोटी. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी घेऊन फौज सरकत होती आणि रणांगण कित्येक किलोमीटर पसरलं होतं. दुपारनंतर 18 वर्षांचे विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला.

इथवरचं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण या फौजेबरोबर बायका होत्या, कारकून होते, बाजारबुणगे होते आणि उत्तरेची तीर्थं घडतील म्हणून निघालेले यात्रेकरू होते. पानिपतपासून कुरुक्षेत्र काही फार लांब नाही. नाना फडणीस तेव्हा विशीही न ओलांडलेला पोरगा. तो आई आणि पत्नीला घेऊन आला होता. पळापळीत आई हरवली, ती पुन्हा भेटली नाही. पुढे पेशवाईचा कारभार हाकणाऱ्या या माणसानं आपलं पानिपतातून सुटणं स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून ती आई आपल्याला माहीत आहे. ज्यांच्या मुलांनी काही लिहिलं नाही, त्या आयांचं काय? त्यांच्यासाठी त्या बागेत मला एक ओळही दिसली नाही.

वाचलेल्यांची वाट दक्षिणेला भरतपुराकडे गेली. तिथं सूरजमल जाटानं या उपाशी, जखमी माणसांना अन्न-वस्त्र दिलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमांनी तिथंच गेला, त्याची कबरही तिथंच. म्हणजे पानिपताची एक खूण राजस्थानातही आहे, आणि ती पराभवाइतकीच माणुसकीची खूण आहे. आपल्या म्हणीत अब्दाली उरला, सूरजमल मात्र राहून गेला.

त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत 1761’ लिहिताना कागदपत्रांइतकंच महत्त्व रणभूमीलाही दिलं. ती त्यांची शिकवण मला फार मोलाची वाटते. खांबापाशी फोटो काढून परत फिरू नका. जरा लांब जा, मागं वळून बघा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही खूण कोणी उभारली? कोणासाठी? आणि तिच्यावर कोणाचं नाव नाही?

तुम्ही भोपाळमध्ये असा, बडोद्यात, बेळगावात की तंजावरात, तुमच्या रस्त्याकडेलाही एखादा चिरा, एखादी पाटी असेलच. उद्या जाता-येता तिच्यापाशी दोन मिनिटं थांबा. काला आंबवरून निघताना मी त्या डबा उघडून बसलेल्या कुटुंबाकडे पाहिलं. आजी नातवाला घास भरवत होती. उपाशी पोटी माणसं जिथं लढून मेली, तिथं पोटभर जेवणारं मूल दिसावं, यापरतं स्मारक मला तरी सुचत नाही.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.