स्तनरोपण

स्तनरोपण : कर्करोगामुळे काढलेल्या स्तनाची पुनर्रचना करण्यासाठी वा स्तनाचा आकार वाढविण्यासाठी सिलिकोनची पिशवी बसविण्याची शस्त्रक्रिया. पुण्याजवळ कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक त्याच्याच कपाळाच्या त्वचेने घडविल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. तेथे रुग्णाचेच ऊतक वापरले होते. स्तनरोपणात मात्र परकीय पदार्थ शरीरात राहतो. सुरक्षिततेचे प्रश्न त्यातूनच उद्‌भवतात.

सिलिकोन जेलची पहिली पिशवी १९६२ मध्ये ह्यूस्टन (अमेरिका) येथे क्रोनिन व जेरो यांनी बसविली. पिशवीभोवती तंतुमय आवरण तयार होते. ते आकुंचन पावल्यास स्तन कठीण व वेदनायुक्त होतो. पिशवी फुटण्याचा संभव काळानुसार वाढतो. अमेरिकेने १९९२ मध्ये घातलेले निर्बंध २००६ मध्ये शिथिल केले. दरम्यान १९९९ च्या वैद्यकीय अहवालास सार्वदेहिक रोगांशी संबंध असल्याचा पुरावा आढळला नव्हता. २०१० मध्ये फ्रान्समधील एका उत्पादकाने औद्योगिक सिलिकोन वापरल्याचे उघड झाले. खडबडीत पृष्ठाच्या काही पिशव्यांचा एका विरळ लसीका-कर्करोगाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये त्या जगभरातून परत घेण्यात आल्या.

पिशवी आजन्म टिकेल असे मानू नये. तिचा प्रकार व क्रमांक नोंदलेले पत्र जपून ठेवावे. उशिरा उद्‌भवलेली सूज, गाठ वा आकारातील बदल आढळल्यास त्वरित तपासणी करणे इष्ट होय.