गेम खेळताना लॅपटॉप तापतोय? आधी कारण शोधा, मग खर्च करा

एप्रिल-मे महिन्यांत ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हैदराबाद चाळिशी ओलांडतं, गोव्यात ३३-३४ अंशांतच दमट हवेने जीव नकोसा होतो. बेळगाव त्यातल्या त्यात बरं, पण दुपारी तिथेही पंखा पुरत नाही. नेमक्या याच दिवसांत परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि घरोघरी लॅपटॉपवर गेम सुरू होतात. मग तक्रारी ठरलेल्या: पंखा सतत घोंघावतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावता येत नाही, पंधरा-वीस मिनिटांत गेम अडखळायला लागतो आणि कधी कधी लॅपटॉप धाडकन बंदच पडतो.

हाच लॅपटॉप बऱ्याच घरांत हप्त्यावर घेतलेला असतो. कॉलेजचं प्रोजेक्ट, ऑनलाइन परीक्षा, नोकरीचे अर्ज सगळं त्याच्यावरच. त्यामुळे तो तापला की घरचे धास्तावतात, आणि घाईत मोठा खर्च होऊन बसतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: हवेची वाट अडलेली असते, आत धूळ साचून पेस्ट वाळलेली असते, किंवा मशीनला गरजेपेक्षा जास्त कामाला लावलेलं असतं. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या कारणावरचा इलाज फुकट आहे.

उष्णता येते कुठून?

गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता देणारे मुख्य भाग दोन, प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप. गेम जोरात चालू असताना दोन्ही मिळून १०० वॅट किंवा त्याहून जास्त वीज खातात आणि त्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. पूर्वीचा १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवावा. तेवढी उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची असते.

त्यासाठी चिपवर तांब्याच्या चपट्या नळ्या बसवलेल्या असतात. नळी दोन्ही टोकांना बंद असते आणि आत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला असलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी ती थंड होऊन पुन्हा द्रव होते. पंखा खालून हवा ओढतो आणि या जाळीतून मागे किंवा बाजूला फेकतो. चिप आणि तांबं यांच्यातली बारीक फट भरायला थर्मल पेस्ट असते. या साखळीतली एक कडी बिघडली तरी तापमान चढतं.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पंखा खोलीतलीच हवा वापरतो. खोली १० अंशांनी जास्त गरम असेल, तर तेवढ्याच भाराखाली चिपही साधारण १० अंशांनी जास्त तापते. डिसेंबरात नीट चालणारा गेम मे महिन्यात अडखळतो, तेव्हा लॅपटॉप बिघडलाच असेल असं नाही.

किती तापमान चालतं?

गेम खेळताना ७५ ते ९० अंश हे आकडे बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये नेहमीचे आहेत. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या अनेकांची ९५ अंश. लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया ग्राफिक्स चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागतात.

मर्यादा गाठली की चिप जळत नाही. ती आपला वेग कमी करते, म्हणजे कमी वीज खाते आणि कमी तापते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गेम सुरुवातीला छान चालून नंतर अडखळतो तो यामुळे. तरीही तापमान वाढतच राहिलं, तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. म्हणजे बंद पडणं हे संरक्षण आहे, पण रोज तसं होऊ देणं बरं नाही.

आधी मोजावं

हाताला लागणाऱ्या चटक्यावरून अंदाज बांधू नये. एचडब्ल्यूइन्फो, एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एमएसआय आफ्टरबर्नर यांपैकी एखादं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. गेम अर्धा तास खेळून प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचं तापमान, आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग पाहावा.

तापमान ९५-१०० वर आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून २ च्या आसपास उतरलेला दिसला, तर दोष उष्णतेचा. तापमान ७० च्या घरात असूनही गेम अडखळत असेल, तर कारण वेगळं आहे: रॅम कमी पडते, चार्जर कमी वॅटचा आहे, किंवा लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालतोय. अशा वेळी कूलिंग पॅडवर पैसे घालून काहीच होणार नाही.

फुकटचे उपाय

पहिला उपाय हवेचा. गादी, उशी, मांडी, सोफा यांवर लॅपटॉप ठेवून गेम खेळूच नये. खालची जाळी पूर्ण बुजते. कडक टेबलावर ठेवावा आणि मागच्या कडेखाली दोन खोडरबर किंवा बाटलीची झाकणं सारावीत. एवढ्या उंचीनेही काही अंशांचा फरक पडतो. मागची बाजू भिंतीला टेकवू नये, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

दुसरा उपाय फ्रेमवर मर्यादा घालण्याचा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम चांगल्या मशीनवर सेकंदाला २०० हून जास्त फ्रेम काढू शकतो. पण स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर सेकंदाला १४४ चित्रंच दिसतात, ६० हर्ट्झची असेल तर ६०. वरची मेहनत बरीचशी उष्णतेत जाते. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा स्क्रीनइतकी ठेवावी. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेममध्ये सावल्या, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग कमी केलं की भार बराच उतरतो, आणि खेळताना फरक फारसा जाणवत नाही.

तिसरा उपाय प्रोसेसरच्या टर्बोचा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडून, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के केलं, की बऱ्याच मशीनमध्ये टर्बो बंद होतो. तापमान १० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. काही गेम थोडे मंदावतात, ते करून पाहावं आणि पटलं नाही तर आकडा परत १०० करावा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘सायलेंट’ मोड वापरावा.

मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅब, डाउनलोड, अपडेट हेही गेमआधी बंद करावेत.

पैसे लागणारे उपाय

वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. रस्त्याकडेचं घर, बांधकाम, घरात मांजर-कुत्रं असेल तर आणखी लवकर. खालचं झाकण काढून ब्रशने आणि हवेच्या डब्याने सफाई करता येते. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवावं. ते भरधाव फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण आत जातात. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही टाळावा, त्यातून स्थिर वीज तयार होते.

सफाईनंतरही फरक नसेल आणि लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा असेल, तर पेस्ट बदलण्याचा विचार करावा. मात्र काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक आहे, थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट होऊ शकतं. अशा मशीनला घरी हात लावू नये.

कूलिंग पॅड शेवटचा. खाली जाळी असलेल्या लॅपटॉपला त्याने काही अंशांचा आराम मिळतो. ज्याची जाळी खाली नाही, त्याला जवळजवळ काहीच नाही.

गावोगावची हवा

ग्वाल्हेर-इंदूरकडे उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचा कूलर असतो. खोली गार झाली तर चांगलंच, पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात. गोव्यात आणि किनाऱ्यावर खारट, दमट हवेने जाळी आणि स्क्रू गंजतात, म्हणून तिथे दरवर्षी एकदा उघडून पाहिलेलं बरं. एसीच्या खोलीत खेळायला हरकत नाही. मात्र तापलेला लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवण्याचा उद्योग कुणी करू नये: बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तिथेच नुकसान होतं.

बॅटरी फुगली तर तिथेच थांबावं

उष्णतेचा खरा धोका प्रोसेसरपेक्षा बॅटरीला आहे. लिथियम बॅटरी सतत गरम आणि सतत १०० टक्के भरलेली राहिली, की लवकर म्हातारी होते. चार्जर लावूनच खेळायचं असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय असते.

टचपॅड वर उचललेला दिसला, त्याचं बटण दाबलं जाईना, झाकण नीट मिटेना किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी गेम, काम सगळं थांबवून मशीन बंद करावं, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. बॅटरी दाबू नये, टोचू नये, तिला आग लागू शकते. बदललेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरमध्येच ती द्यावी.

दुकानात नेण्याआधी

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः किंवा गल्लीतल्या दुकानात उघडण्याआधी कंपनीला ईमेलने विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. भारतात अधिकृतपणे विकलेल्या लॅपटॉपची वॉरंटी साधारणपणे देशभर चालते, त्यामुळे पुण्यात घेतला म्हणून बेळगाव किंवा वडोदऱ्याहून तो पुन्हा पुण्याला न्यावा लागत नाही. बिल मात्र हवं. आखातातून किंवा परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपचं तसं नाही. काही कंपन्यांची वॉरंटी त्या देशापुरतीच असते.

दुकानात गेल्यावर मोजलेले आकडे दाखवावेत: खोलीत किती गरम होतं, कोणता गेम, किती मिनिटांनी किती तापमान. डेटाची प्रत आधीच काढून ठेवावी. दुरुस्तीनंतर तोच गेम तेवढाच वेळ खेळून पुन्हा आकडे पाहावेत. सफाई आणि पेस्टचे पैसे घेऊनही तापमान जागचं हललं नसेल, तर काम झालेलं नाही, हे ग्राहकाला तिथल्या तिथे दाखवता येतं.