कंठांतील ग्रंथीचें मोजमाप

१८७४ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं थिओडोर कोखर या शस्त्रवैद्यानें एका लहान मुलीचा गलगंड कापून काढला. त्याबरोबर तिची सबंध थायरॉइड ग्रंथीहि गेली. जखम उत्तम भरली. पण नऊ वर्षांनीं पाहतात तों तिची धाकटी बहीण वाढून तरुण झालेली, आणि ही मात्र बालकाएवढीच ठेंगणी व मंदबुद्धि! १८८३ सालीं कोखर यांनीं आपल्या रोग्यांची ही दशा बर्लिनच्या शस्त्रवैद्य-परिषदेपुढें स्वतः मांडली आणि साध्या गलगंडासाठीं सबंध ग्रंथि काढणें सोडून दिलें.

१८९१ सालीं इंग्लंडांत जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा रोगावर उपाय दाखविला. औषध सांपडलें, परंतु तें कोणास व किती द्यावें? थकवा, थंडी वाजणें, अंग जड होणें हीं लक्षणें इतर रोगांतहि आढळतात. म्हणून मापाची गरज पडली.

पहिलें माप श्वासाचें. ग्रंथि जोरांत असली कीं शरीर प्राणवायु अधिक खर्च करतें, मंदावली कीं कमी, हें १८९५ सालीं बर्लिनमध्यें माग्नुस-लेव्ही यांनीं दाखविलें. पुढें रोग्यास सकाळीं उपाशीपोटीं स्वस्थ निजवून त्याचा श्वास मोजूं लागले. पण ताप किंवा नुसती भीति असली तरी आंकडा बदले. धूर पाहून चुलींतील लांकडें मोजण्यासारखाच हा प्रकार!

१९१४ सालीं अमेरिकेंत केंडल यांनीं ग्रंथीचा स्राव, थायरॉक्सिन, स्फटिकरूपानें वेगळा केला. मात्र रक्तांतील असे अत्यल्प स्राव अचूक मोजण्याची वाट न्यूयॉर्कच्या रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सर्गी पद्धतीनें १९५९-६० च्या सुमारास मोकळी झाली. १९७७ सालीं यॅलोबाईंना नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन १९७२ सालींच निवर्तले होते.

याच वाटेनें टी. एस. एच. मोजतां येऊं लागला. हा स्राव थायरॉइडचा नव्हे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा. ती जणूं मुकादम आहे : मजूर सुस्तावला कीं मुकादमाचा आवाज चढतो, मजूर अति राबूं लागला कीं तो गप्प बसतो. म्हणून टी. एस. एच. वाढला म्हणजे बहुधा थायरॉइड मंदावली. घरोघर मात्र ‘थायरॉइड वाढला’ असें उलटेंच म्हणतात! मुकादमच आजारी असेल तर त्याच्या आवाजावर भिस्त ठेवतां येत नाहीं. म्हणून थायरॉक्सिनहि मोजावें लागतें. गर्भारपणीं व मोठ्या दुखण्यांत आंकड्यांचा अर्थ बदलतो; तो वैद्यानेंच लावावा.

या मापाचें खरें मोल नवजात अर्भकास. १९७० नंतरच्या दशकांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतीं झां द्युसो यांनीं टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जन्मजात दोष ओळखण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषध सुरू झालें तर मुलाची बुद्धि वांचते. उशीर झाला तर गेलेलें परत येत नाहीं. भारतांत प्रत्येक अर्भकाची ही परीक्षा होतेच असें नाहीं. सूतिकागृह सोडण्यापूर्वीं आईबापांनीं तिची चौकशी अवश्य करावी.