326 तास

मोजणी सुरू होण्याआधीची एक गोष्ट. मार्च 1975. अलाहाबाद उच्च न्यायालयात देशाच्या पंतप्रधान साक्ष द्यायला येणार होत्या. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की कोर्टात माणसं उठून उभी राहतात ती फक्त न्यायाधीश आल्यावर, साक्षीदार आल्यावर नाही. इंदिरा गांधींसाठी खुर्चीची सोय मात्र केली होती. दोन दिवस त्यांची उलटतपासणी चालली. कुणी कधी उठायचं, एवढ्याशाच रीतीचा प्रश्न होता. पण पुढच्या सगळ्या प्रकरणात कायदा जिथे टिकला तिथे असल्याच रीतींवर टिकला, आणि जिथे कोसळला तिथे कुणीतरी म्हणालं होतं की रीत उद्या सकाळी पाहू.

12 जून, सकाळी 10. बाकी: 326 तास

कोर्टरूम क्रमांक 24. निकाल 258 पानांचा. 1971 साली रायबरेलीतून इंदिरा गांधी 1,11,000 हून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. हरलेले राजनारायण निवडणूक अर्ज घेऊन कोर्टात गेले, तेव्हा त्यांना फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्यांचे वकील शांतिभूषण. समोर सतीशचंद्र खरे.

सिन्हांनी बहुतेक आरोप फेटाळले. उरले दोन. पहिला, यशपाल कपूर या सरकारी अधिकाऱ्याची निवडणुकीत मदत घेतल्याचा. कपूर यांचा राजीनामा 13 जानेवारी 1971 चा, पण तो मंजूर झाल्याची अधिसूचना 25 जानेवारीची. मधल्या दिवसांत ते कागदोपत्री सरकारी नोकरच होते. दुसरा आरोप व्यासपीठांचा आणि ध्वनिक्षेपकांच्या विजेचा, जी व्यवस्था उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी केली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(7) खाली हे भ्रष्ट आचरण ठरलं. निवडणूक रद्द, आणि सहा वर्षं अपात्रता.

एवढ्याशा कारणावरून पंतप्रधान जातात की काय, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि अजून म्हटलं जातं. मला त्यात तथ्य वाटतं, पण अर्धंच. कारण क्षुल्लक असेलही. ते वरच्या कोर्टात जाऊन सांगायचं असतं. आणि ते सांगण्याची वाट याच निकालानं मोकळी ठेवली होती, कारण सिन्हांनी आपल्याच आदेशाला 20 दिवसांची स्थगिती दिली होती.

निकालाआधी सिन्हांवर काय गुदरलं, त्याची एक हकिकत शांतिभूषण यांनी सिन्हांच्याच हवाल्यानं पुढे सांगितली. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश घरी आले आणि सर्वोच्च न्यायालयातल्या बढतीसाठी तुमच्या नावाचा विचार चालू असल्याचं त्यांनी सुचवलं. धमकी नाही, मागणीही नाही. नुसती बातमी. ती बातमी कशी ऐकायची हे 1975 साली कुठल्याही न्यायाधीशाला शिकवावं लागत नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागल्यावर लगेच, त्यात सरकारच्या विरोधात गेलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं गेलं होतं.

त्याच दिवशी गुजरातेतही काँग्रेसच्या पराभवाचे निकाल येत होते.

20 जून

दिल्लीत बोट क्लबवर पंतप्रधानांच्या समर्थनार्थ प्रचंड सभा. कोर्टाच्या निकालाला गर्दीनं उत्तर द्यायचा हा प्रकार. याहून जास्त शब्द त्यावर खर्च करायला नकोत.

23 जून. बाकी: अडीच दिवस

सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी होती. सुट्टीतले न्यायाधीश व्ही. आर. कृष्ण अय्यर. अपील दाखल होण्याआधी त्यांना कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा फोन आला: भेटायचं आहे. गोखले स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. अय्यर यांनी भेट नाकारली. अपील करायचं असेल तर ते रजिस्ट्रीत दाखल करा, एवढंच सांगितलं.

मंत्र्यांना रजिस्ट्रीचा रस्ता दाखवणं म्हणजे काय, हे ज्यानं आयुष्यात एकदा तरी कोर्टाच्या खिडकीपाशी वकालतनाम्यावरचं तिकीट तपासून घेतलंय त्याला कळेल. तिथं तुमचा हुद्दा कुणी विचारत नाही; कागद पुरे आहेत का, ते विचारतात.

अपील आलं, आणि इंदिरा गांधींतर्फे उभे राहिले नानी पालखीवाला. केशवानंद खटल्यात सरकारच्या विरोधात संविधानाच्या मूलभूत चौकटीसाठी लढलेले तेच पालखीवाला. अनेकांना हे खटकलं. खटकायचं कारण नव्हतं. सत्ताधीशांनी आपली कैफियत रस्त्यावर न मांडता वकील लावून कोर्टात मांडावी, हेच तर हवं होतं. अपिलात दम आहे असं पालखीवालांचं मत होतं, आणि ते त्यांनी हातचं न राखता मांडलं. राजनारायण यांच्या बाजूनं इथेही शांतिभूषणच होते.

24 जून. बाकी: अदमासे दीड दिवस

अय्यर यांचा आदेश आला. स्थगिती दिली, पण सशर्त. पंतप्रधानपदावर राहता येईल, संसदेत बोलता येईल; खासदार म्हणून मत देता येणार नाही, खासदार म्हणून मानधनही घेता येणार नाही. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं नाही. आणि खुर्ची तर शाबूत होती. अपिलाची पुरी सुनावणी व्हायची होती. घाई करण्याजोगं काहीही कायद्याच्या बाजूनं उरलं नव्हतं.

25 जून, सकाळ. बाकी: सुमारे 16 तास

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय दिल्लीत होते. त्यांना पंतप्रधानांच्या निवासस्थानी, 1, सफदरजंग रोडवर बोलावणं आलं. राय हे नाणावलेले बॅरिस्टर. देशाला मोठा झटका देण्याची गरज आहे, काय करता येईल, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी वेळ मागून घेतला, संविधान चाळलं आणि दुपारी उत्तर आणलं: कलम 352, अंतर्गत अशांतता. बाह्य आक्रमणाची आणीबाणी डिसेंबर 1971 पासून लागूच होती, हे ध्यानात घ्या. ही तिच्यावरची दुसरी.

या सबंध घटनाक्रमात मला सर्वांत जास्त बेचैन करतो तो हा माणूस. कायदा न जाणणारा कुणी असता तर समजू शकलो असतो. दार कुठून उघडतं ते कुलूप-किल्लीच्या जाणकारानं दाखवून दिलं.

25 जून, संध्याकाळी साडेपाच. बाकी: सव्वासहा तास

इंदिरा गांधी आणि राय राष्ट्रपती भवनात फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटले. तिकडे रामलीला मैदानावर विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांची सभा व्हायची होती. लष्करानं आणि पोलिसांनी बेकायदा हुकूम पाळू नयेत, असं त्यांनी त्या सभेत सांगितलं. आणीबाणीचं समर्थन करताना पुढे याच भाषणाकडे बोट दाखवलं गेलं, पण सभा संपण्याआधीच राष्ट्रपतींची भेट होऊन गेली होती.

25 जून, रात्री. बाकी: अर्धा तास

पंतप्रधानांचं पत्र राष्ट्रपतींकडे आलं. आज रात्री मंत्रिमंडळाची बैठक घेणं शक्य नाही, ती उद्या सकाळी घेऊ. कामकाज नियमावलीच्या नियम 12 खाली ही मोकळीक घेते, असा त्याचा आशय. बरेच मंत्री दिल्लीतच होते. काही तासांनी त्यांना पहाटे जमवता आलं, म्हणजे रात्रीही आलं असतं.

राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांनी पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे जे सांगितलं ते वाचताना जीव अडकतो. असं करणं संविधानाला धरून होणार नाही, असं त्यांनी राष्ट्रपतींना सांगितलं. राष्ट्रपतींना पंतप्रधानांशी बोलायचं होतं, म्हणून बालचंद्रन खोलीबाहेर गेले. दहाएक मिनिटांनी परतले, तोवर पंतप्रधानांचे साहाय्यक आर. के. धवन आणीबाणीच्या घोषणेचा मसुदा घेऊन येऊन गेले होते आणि सही झाली होती. त्या रात्री रजिस्ट्रीच्या खिडकीजवळ उभा राहिलेला हा एकच माणूस, आणि त्याला दहा मिनिटं बाहेर काढणं पुरलं.

रात्री 11:45. बाकी: शून्य

सिद्धार्थ शंकर राय यांचीही एक साक्ष आहे. त्या रात्री त्यांना कळलं की दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयांना कुलूप लावायचं आणि वृत्तपत्रांची वीज तोडायची, असे हुकूम आहेत. ते हादरले आणि त्यांनी पंतप्रधानांना गाठलं. कोर्टं वाचली. बहादूरशहा जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज मात्र गेलीच.

रात्री 3 च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठानातून जयप्रकाशांना उचललं. सकाळी 6 वाजता मंत्रिमंडळ जमलं, ते झालेली गोष्ट ऐकून घ्यायला. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण तिथे होते. स्वर्णसिंग यांनी काही शंका विचारल्या. बाकी विरोध झाला नाही. बंगळूरला संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले अडवाणी, वाजपेयी आणि आपले राजापूरचे मधू दंडवते तिथेच अटकेत गेले.

नंतर

26 जूनला पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. तीन दिवसांपूर्वी ज्या पक्षकारासाठी जीव ओतून भांडले, त्याच पक्षकाराचं. 27 जूनला फली नरिमन यांनी मुंबईहून अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा पाठवला. कायद्याच्या एवढ्या मोठ्या पेशात अशा हालचाली किती झाल्या, ते बोटांवर मोजून पाहावं.

त्याच 27 जूनला कलम 359 खालचा आदेश निघाला: कलम 14, 21, 22 खालच्या हक्कांसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. उच्च न्यायालयांच्या दारांना कुलूप लागलं नव्हतं; हे निराळं कुलूप होतं. तरीही नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचं म्हणणं ऐकून घेता येतं असा कौल दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा फिरवला. चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे पडलेले हंसराज खन्ना जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदासाठी डावलले गेले, आणि त्यांनी राजीनामा दिला.

जगमोहनलाल सिन्हा सर्वोच्च न्यायालयात कधीच गेले नाहीत. 1982 साली ते अलाहाबादहूनच निवृत्त झाले.